फास्टर फेणे डब्लिनमध्ये



गेल्या हिवाळ्यात आमच्या चौदा वर्षांच्या लेकीने मला एक गोष्ट वाचायला दिली. तिने लिहिलेली. त्यात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे डब्लिनला येतो आणि लिफीच्या काठी सायकलचोरांचा माग काढतो. मी वाचली आणि म्हणालो, "छान आहे, पण पात्र दुसऱ्याचं घेतलंस. स्वतःचं काहीतरी लिही ना."

त्यानंतर दोन महिने तिने मला काहीच दाखवलं नाही.

याला फॅन फिक्शन म्हणतात, हे बायकोने सांगितलं. मग मी कन्सल्टंटच्या सवयीने अभ्यासाला बसलो. अशा लेखनाचं मोठं कोठार म्हणजे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'. ते चालवणारी ना-नफा संस्था चाहत्यांनीच २००७ मध्ये काढली. जाहिराती नाहीत, फी नाही, सगळं देणग्यांवर. एमबीए झालेल्या माणसाला आधी घामच फुटतो: रेव्हेन्यू मॉडेल कुठंय? पण खरी गंमत टॅगची. लेखक मनाला येईल तो टॅग लिहितो, एका पात्राची दहा स्पेलिंगं होतात. स्वयंसेवक लेखकाचा शब्द न बदलता ते टॅग पडद्याआड एकमेकांना जोडून ठेवतात. कुठल्याही नावाने शोधा, गोष्ट सापडते. पगारी माणसं लावूनही आमच्या प्रोजेक्टमध्ये हे धड होत नाही! २०१९ मध्ये या साइटला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

आणि आपण राहतो कुठे? 'युलिसिस' घडते १६ जून १९०४ या एका दिवसात. १९५४ मध्ये पॅट्रिक कॅव्हना, फ्लॅन ओब्रायन वगैरे लेखकमंडळी घोडागाड्या करून पुस्तकातल्या जागा बघायला निघाली. वाटेत पब लागले, फेरी अर्धवट राहिली. दर जूनला ब्लूम्सडेच्या टोप्या घालून फिरणारी माणसं आपण बघतो, ती सुरुवात अशी.

कॉपीराइटची भानगड मात्र खरी. २००४ मध्ये जॉईसची हस्तलिखितं राष्ट्रीय ग्रंथालयात मांडता यावीत म्हणून इथल्या सरकारला घाईघाईने कायदा दुरुस्त करावा लागला. इथे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६०. भागवत २००१ मध्ये गेले. फुकट वाटलं म्हणजे सगळं माफ, असंही नाही. लेकीला म्हटलं, गोष्ट विकायची नाही हं. "विकणार कोण होतं?" ती म्हणाली.

मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली, हे आपण शाळेत कौतुकाने शिकलो. पंत, पात्रं स्वतःची घ्या, असं त्यांना कुणी सुनावलं नाही. मग मी लेकीला का सुनावलं?

मी माफी मागितली. तिने खांदे उडवले. रविवारी मात्र स्वतःहून लॅपटॉप घेऊन आली. गोष्ट इंग्रजीत आहे, आणि फेणेचं ते 'ट्टॉक' इंग्रजीत कसं लिहायचं, यावर आमचं अजून भांडण चालू आहे.