विमानतळाशेजारचा ट्रॅक

आई-बाबांना घ्यायला ईस्ट मिडलंड्स विमानतळावर तुमच्यापैकी अनेक जण गेले असतील. त्याच्या शेजारीच डॉनिंग्टन पार्क हा शर्यतींचा ट्रॅक आहे. आज त्याची गोष्ट ऐका.

१९३१ मध्ये इथे मोटरसायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. १९३७ आणि १९३८ मध्ये मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या जर्मन गाड्या इथे धावल्या. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि लष्कराने ट्रॅक ताब्यात घेतला. तिथे लष्करी वाहनं उभी राहिली. पुढची अडतीस वर्षं शर्यती बंद होत्या.

शाळकरी वयात इथल्या शर्यती पाहिलेले टॉम व्हीटक्रॉफ्ट पुढे लेस्टरमध्ये बिल्डर झाले. १९७१ मध्ये त्यांनी ती जागा विकत घेतली आणि १९७७ मध्ये ट्रॅक पुन्हा सुरू केला. १९९३ च्या ईस्टरला तिथे फॉर्म्युला वन आणली. भर पावसात सेना पहिल्या वळणाला पाचवा होता, पण पहिल्याच फेरीअखेर तो सगळ्यांच्या पुढे होता!

२००९ मध्ये फॉर्म्युला वनच्या नव्या योजनेसाठी ट्रॅक खणला, पण पैसा उभा राहिला नाही. त्याच वर्षी व्हीटक्रॉफ्ट गेले. २०१० मध्ये डागडुजी होऊन शर्यती परत सुरू झाल्या.

मी एमबीए केलेला माणूस. १९७१ मध्ये हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी आकडे पाहून नाहीच म्हटलं असतं. मुलं एखाद्या वेडाबद्दल बोलू लागली की मला हे आठवतं, आणि मी आधी ऐकून घेतो. तुम्हीही एका रविवारी मुलांना तिथे घेऊन जा.