निकालाआधीचा निकाल
१९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली. न्यायालयाबाहेर गर्दी लोटली. ज्यूरीतील नऊपैकी आठ जणांनी 'निर्दोष' म्हटले. सत्र न्यायाधीशांना ते पुराव्याला धरून वाटले नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे जन्मठेप झाली. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

आज ज्यूरी राहिली नाही. पण पानठेल्यावर आपणच ज्यूरी होऊन बसतो. पोलिसांनी एखाद्याला नेले, की खटला उभा राहण्यापूर्वीच त्याचे लेकरू शाळेत 'चोराचा पोर' ठरते. पुढे बाप निर्दोष सुटतो. लेकराची शाळा मात्र सुटलेली असते.

म्हणून मुलांना अक्षरांबरोबर एवढे शिकवा: आधी पुरावा, मग मत.