ध्वनीची भिंत आणि शब्दाचा हक्क



ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातील रात्रीच्या संगीताविषयी आज मी आपणापुढे चार शब्द बोलणार आहे. हा विषय करमणुकीचा आहे, असे समजून कोणी त्याची उपेक्षा करू नये. मोठ्याने बोलण्याचा अधिकार कोणाला, आणि निवांत झोपण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. म्हणून तो हक्काचा प्रश्न आहे.

प्रथम इतिहास पाहू. सत्यशोधक जलशांच्या वाटेने पुढे आंबेडकरी जलसा उभा राहिला. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तो गावोगाव नेला. त्यांच्यापाशी ना विजेचा कर्णा होता, ना यंत्र. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि खडा आवाज एवढीच त्यांची सामग्री. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याला त्यांनी गाण्यातून विचार दिला. पुढे वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर हेच कार्य केले. कल्याणशी ज्यांच्या घराण्याचे नाव जोडले गेले, त्या प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तर ध्वनिमुद्रिका व कॅसेट यांच्याद्वारे घराघरांत पोचला. हे दोघेही २००४ साली आपल्यातून गेले. गिरणीतून, कारखान्यातून, रेल्वेच्या कामावरून माणूस सुटे तो सायंकाळनंतर. म्हणून या गायनाची खरी वेळ रात्रीचीच होती. चाळीच्या पटांगणात कंदील किंवा दिवा लावून गायनपार्ट्यांचे सवाल-जवाब पहाटेपर्यंत रंगत. रस्ता आणि पटांगण हेच गरिबांचे सभागृह होते.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही असेच घडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात १९५० च्या दशकात गरीब वस्त्यांतील लोकांना वाद्यवृंदाच्या नाचघरांचे शुल्क परवडत नसे. तेव्हा कर्णे, ध्वनिवर्धक आणि तबकड्या रस्त्यावर आणून त्यांनी आपले नाचघर आपणच उभे केले. त्याला ते 'साऊंड सिस्टिम' म्हणत. किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल या तरुणाने ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, आपल्या इमारतीच्या सामाईक खोलीत, तबकड्या वाजविल्या. त्या रात्रीला 'हिप-हॉप'ची जन्मरात्र मानतात. इंग्लंडात मात्र १९९४ साली उघड्यावरील रात्रीच्या संगीतमेळ्यांविरुद्ध कायदा झाला आणि एकसारख्या ठेक्यांच्या संगीताचे वर्णन थेट कायद्याच्या कलमात आले. ज्याच्यापाशी सभागृह नाही तो रस्त्यावर गातो, आणि रस्त्यावर गातो म्हणून सत्तेच्या डोळ्यांत सलतो.

आता आपल्याकडील कायदा पाहा. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांनी घातली. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज या मर्यादेपेक्षा फार तर १० डेसिबल अधिक, आणि कोणत्याही स्थितीत ७५ च्या आत असावा, असा दंडक घातला. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. वर्षातून फार तर १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली निक्षून सांगितले की, बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला बळेच ऐकावयास लावण्याचा अधिकार येत नाही. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली या नियमांच्या अंमलबजावणीविषयी सविस्तर आदेश दिले. म्हणजे या लढ्याची एक मोठी वाट ठाण्यातूनच गेली.

हा कायदा आवश्यक आहे, हे मी प्रथमच मान्य करतो. डेसिबलची मोजणी साध्या गणिताने चालत नाही. आवाज १० डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा १० पट होते. ६५ च्या जागी ९५ झाले तर ऊर्जा १००० पट होते! ८५ डेसिबलमध्ये ८ तास काम करणे ही जेथे कानाच्या सुरक्षिततेची सीमा मानतात, तेथे १०० डेसिबलपुढे पाव तासच पुरतो. आणि भिंतीएवढे खोके टेम्पोवर चढवून ते उभे राहतात ते कोणाच्या दारी? बंगल्याच्या नव्हे, पत्र्याच्या छपराच्या दारी. तेथे बाळंतीण असते, हृदयविकाराचा रुग्ण असतो, अभ्यासाला बसलेली मुलगी असते, रात्रपाळी करून आलेला कामगार असतो. मिरवणूक असो, गणपती असो वा हळदीची रात्र असो, पहिला मार आपल्याच माणसाला बसतो. खोक्यांपाशी तासन् तास उभा राहणारा यंत्रचालक मुलगाही आपलाच. त्याच्या कानांचा विचार कोण करतो?

तथापि, या नियमांत एक अपवाद आहे आणि त्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. सभागृह, समाजगृह, मेजवानीचे दालन अशा बंदिस्त जागेत रात्रीही ध्वनिवर्धक चालू शकतो. नियम सर्वांना सारखा दिसतो; परंतु ज्याच्यापाशी दालनाचे भाडे आहे त्याची रात्र शाबूत राहते, आणि ज्याचे सभागृह पटांगण आहे त्याची रात्र १० वाजता संपते. परिणाम असा झाला की, शब्दप्रधान असलेले रात्रीचे गायन मागे पडले आणि दिवसाउजेडी मिरवणुकीत शब्द गिळून टाकणारा ठोका पुढे आला. ज्या गाण्याने माणसाला विचार करावयास शिकविले, त्याच गाण्याचा शब्द आज खोक्यांच्या भिंतीखाली ऐकू येत नाही. हा तोटा कोणा शेजाऱ्याचा नसून आपल्या वारशाचा आहे.

मग करावे काय? माझ्या मते तीन गोष्टी. एक, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांनी वस्त्यांलगत अल्प भाड्याची, आवाज बाहेर न जाऊ देणारी सभागृहे बांधावीत. ही मागणी आपण लेखी, सह्यांनिशी करावी. दोन, सवलतीचे दिवस आणि आवाजाची मोजणी सर्व समाजांना एकाच मापाने लागू व्हावी. एकाच्या मिरवणुकीत यंत्र धरावयाचे आणि दुसऱ्याच्या मिरवणुकीत कानावर हात ठेवावयाचे, हा न्याय नव्हे. परंतु दुसऱ्याचा गोंगाट दाखवून आपला गोंगाट शुद्ध ठरत नाही, हेही विसरू नये. तीन, मंडळांनी खोक्यांच्या भाड्याचा निम्मा पैसा तरी गायक, वादक आणि नव्या शाहिरांना द्यावा.

आपल्या पूर्वजांना गावात मोठ्याने बोलण्याचीही बंदी होती. म्हणून आवाज हा आपणांस प्रिय आहे, आणि तो असावाच. परंतु त्यांनी आवाज मिळविला तो काही सांगण्यासाठी. सांगण्यासारखे जवळ असताना ते ऐकू येईल अशी व्यवस्था करणे, हे आता तुमच्या-माझ्या हाती आहे. येत्या वर्षी मंडळाचा हिशेब मांडताना याचा विचार व्हावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.