नागरिकाचा नकाशा

ज्या देशात १८०२ साली मद्रासेजवळ सर्वेक्षक विल्यम लँबटन यांनी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला आणि पुढे हिमालयाची शिखरे दूरच्या मैदानातून मोजली गेली, त्या देशात परगावच्या माणसाला एखाद्या शहरी उतरल्यावर भरवशाचा नकाशा मिळू नये, ही फार खेदाची गोष्ट आहे.

सर्वेक्षण खात्याच्या नेहमीच्या स्थलदर्शक नकाशाचे प्रमाण एकास पन्नास हजार. त्या हिशेबाने पाच मीटर रुंदीची गल्ली कागदावर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी ठरते, म्हणजे ती दिसतच नाही. उलट नगर भूमापनाच्या दफ्तरात घराघराची हद्द चोख आखलेली असते. परंतु ते कागद मालकी आणि सारा यांच्यासाठी सिद्ध झालेले, म्हणून त्यांत सिटी सर्व्हे नंबर सापडतो, आणि पुणेकर तर पत्ता सांगतो तो चिमण्या गणपतीच्या किंवा भिकारदास मारुतीच्या खुणेने.

त्यातच संरक्षणाच्या कारणास्तव सरहद्द व समुद्रकिनारा यांलगतच्या प्रदेशांचे तपशीलवार नकाशे दीर्घकाळ सामान्यांस दुर्लभ राहिले. मुंबई आणि मद्रास तर समुद्रालाच लागून. २००५ च्या नकाशा धोरणाने खुल्या नकाशांची मालिका आली, २०२१ मध्ये निर्बंध पुष्कळ सैल झाले. आता महानगरपालिकांनी लोकांच्या तोंडची नावे विचारून घेऊन पेठ-पेठेचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे छापावेत, आणि ते टपालकचेरीत, शाळेत, रिक्षातळावर लावावेत.