मुदतपूर्व परतफेड आणि परताव्याची टक्केवारी



ज्या रोख्याची रक्कम मुदतीपूर्वीच परत करून मोकळे होण्याचा अधिकार कर्ज घेणाऱ्याने आपल्याकडे राखून ठेवलेला असतो, त्याचा परतावा किती, या प्रश्नाला एकच उत्तर संभवत नाही; मुदतीअखेरपर्यंत रोखा जवळ राहिला तर एक टक्केवारी येते, मध्येच परतफेड झाली तर दुसरी, आणि दोहोंपैकी जी कमी तीच गृहीत धरून व्यवहार करावा, असा जाणकारांचा दंडक आहे. तो योग्य असला तरी पुरेसा नाही, हे गुजरातेतील सरदार सरोवर नर्मदा निगमाच्या रोख्यांवरून ध्यानात येते.

निगमाने १९९३ साली विक्रीस काढलेल्या या रोख्याची किंमत ३,६०० रुपये होती. मध्यंतरी व्याज काही नाही, आणि ११ जानेवारी २०१४ रोजी एकरकमी १,११,००० रुपये. पंधरा वर्षांनी ५०,००० रुपये घेऊन बाहेर पडण्याची मुभा होती खरी, पण ती रोखेधारकाला, निगमाला नव्हे. पुढे व्याजाचे दर उतरले, हे देणे जड झाले, आणि गुजरात विधानसभेने २००८ साली खास कायदा करून, करारात नसलेला अधिकार निगमास बहाल केला. जानेवारी २००९ मध्ये ५०,००० रुपयांवर हे देणे मिटवण्यात आले.

आता हिशेब पाहा. मूळ धारकाला पंधरा वर्षांचा परतावा चक्रवाढीने सालीना सुमारे १९.२ टक्के पडला. वीस वर्षे थांबता, तर तो १८.७ टक्केच पडला असता. म्हणजे वरील दंडक लावला तर मुदतपूर्व परतफेडीत त्याचा लाभच झाला म्हणायचे! वस्तुतः त्या शेवटच्या पाच वर्षांत ५०,००० चे १,११,००० व्हायचे होते, म्हणजे सालीना १७.३ टक्के, तीच रक्कम ९ टक्क्यांनी गुंतवली असती, तर २०१४ साली पुरते ७७,००० रुपयेही हाती येत नव्हते. टक्केवारी सरस आणि पदरात चौतीस हजार कमी, याचे कारण इतकेच, की दोन टक्केवाऱ्या दोन निरनिराळ्या मुदतींच्या आहेत आणि परत आलेला पैसा पुढे कोठे गुंतवायचा याविषयी दोन्ही मूक आहेत.

याउलट समजा, एखाद्याने परतफेडीच्या वर्षभर आधी हाच रोखा बाजारातून ६०,००० रुपयांस घेतला असता, तर मुदतीअखेरचा परतावा सालीना १०.८ टक्के दिसला असता, आणि प्रत्यक्षात मुद्दलातच दहा हजारांची तूट आली असती. येथे मात्र जाणकारांचा दंडक अचूक लागू पडतो, पण परतफेडीचे कलम करारात आधीपासून लिहिलेले असेल तरच. दोन पक्षांच्या करारात एका पक्षाच्या सोयीसाठी मागाहून कलम घालणे मला सर्वथा अन्याय्य वाटते, कारण त्याची किंमत रोखा घेताना कोणत्याही गणिताने काढता येत नाही.