कंट्रोल-सी दाबायच्या आधी

रात्रीचे २ वाजलेत, ४० जीबीचा डेटाबेस डंप रिस्टोर होतोय आणि स्क्रीनवर नुसता कर्सर लुकलुकतोय. चाललंय की अडकलंय? मी एकदा वैतागून कंट्रोल-सी दाबलं. ३ तासांचं काम गेलं. सकाळी टीमला काय सांगणार, कपाळ!

आता मी पीव्ही वापरतो, म्हणजे पाइप व्ह्यूअर. डंपची फाइल थेट पीव्हीला द्यायची, पुढे पाइपने मायएसक्यूएलला. टक्के, वेग, उरलेला वेळ, सगळं दिसतं. फाइल कॅटमधून पाठवलीत तर एकूण साइज त्याला कळत नाही, मग टक्केही नाहीत.

आणि काम आधीच सुरू केलं असेल तर? लिनक्सवर दुसरं टर्मिनल उघडा: पीव्ही, डॅश डी, त्या प्रोसेसचा आयडी. चालू काम थांबवावं लागत नाही. फक्त पीव्ही आधी इन्स्टॉल करून ठेवा, रात्री २ वाजता शोधत बसू नका.