स्लॅबवरचं ऊन आणि 31 मार्च

मी ढाणकीचा. उमरखेड तालुक्यातलं, पैनगंगेच्या खोऱ्यातलं हे बाजाराचं गाव. आसपासच्या बंदी भागातली माणसं बियाण्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळ्यासाठी इथं येतात. हल्ली त्यांच्या बोलण्यात एक नवा प्रश्न असतो : घरावर सोलर बसवलं तर उरलेल्या विजेचे पैसे किती येतात?

पैसे येतात. पण आधी मीटर समजून घेऊ. दिवसा तयार झालेली वीज पहिल्यांदा घरातच वापरली जाते. उरलेली तारेवरून महावितरणकडे जाते आणि रात्री आपण तिकडून घेतो. नेट मीटर दोन्ही युनिटं वेगवेगळी मोजतं आणि महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते. आपली जास्त भरली, तर पुढच्या महिन्याला जमा. इथवर युनिटाला युनिट, बरोबरीचा व्यवहार. स्थिर आकार मात्र दर महिन्याला भरावाच लागतो.

हे खातं आर्थिक वर्षाचं असतं. 31 मार्चला शिल्लक राहिलेली युनिटं महावितरण विकत घेतं, वीज नियामक आयोगानं ठरवलेल्या दरानं, आणि खातं शून्यावर येतं. हा दर आपण विजेला मोजतो त्याहून बराच कमी असतो.

आता आपल्याकडचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. दिवाळीनंतर आभाळ मोकळं, पंखे बंद. 2 किलोवॅटचं सोलर दिवसाला साधारण 8 युनिटं देतं, महिन्याला 240. घराला 100 लागली, तर 140 जमा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिन्यांत 560. आणि ज्या एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय लेकरांना झोप लागत नाही, त्याच्या तोंडावर ही साठवण हातची जाते. घरची ज्वारी स्वस्तात घालायची आणि महिन्याभरानं तीच चढ्या भावानं आणायची, असा हा हिशेब आहे.

म्हणून कमाईच्या आशेनं मोठं सोलर बसवू नका, असं मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो. मागची बारा बिलं काढा. महिन्याची सरासरी युनिटं काढून 120 नं भागा. तेवढे किलोवॅट पुरे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये अनुदान आहे. ते संच चालू झाल्यावर बँक खात्यात येतं, त्यामुळे सुरुवातीची सोय आपल्यालाच करावी लागते.

जागा किलोवॅटला शंभर चौरस फूट लागते. आपल्या स्लॅबवर उन्हाळ्यात मिरच्या, कुरडया, शेवया वाळतात. घरातल्या बायांना विचारल्याशिवाय ती जागा अडवू नये. खालून माणूस वावरेल एवढा उंच सांगाडा करून घेता येतो. शेजारच्या लिंबाची सावलीही बघा. एका पॅनेलवर सावली पडली, तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांची वीज घटू शकते.

आणखी एक गोष्ट बसवणारे सहसा सांगत नाहीत. लाईन गेली की हे सोलरही बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. लोकांना वाटतं, आपण फसलो. पण तारेत आपली वीज जात राहिली, तर खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल. म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. लाईन नसतानाही वीज हवी असेल, तर बॅटरीचा संच लागतो आणि त्याचा खर्च वेगळा.

सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. आपल्या भागातही असं गाव उभं राहावं, एवढं ऊन आपल्याकडे नक्की आहे. फक्त उरलेल्या युनिटांच्या हिशेबाची तारीख बदलावी, ही माझी मनापासूनची मागणी आहे. 31 मार्चऐवजी 30 जून करा. तोवर पाऊस लागलेला असतो, कूलर माळ्यावर गेलेले असतात आणि हिवाळ्यातलं आमचं ऊन आमच्याच घरात वापरून झालेलं असेल.